पडद्यावरचं मानवत, कागदावरचं मानवत

४ ऑक्टोबर २०२४ ला, ऐन नवरात्रात, सोनी लिव्हवर 'मानवत मर्डर्स' ही आठ भागांची मालिका आली. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाचं नाव देशभरातल्या मोबाइलवर झळकलं. पन्नास वर्षांपूर्वीही मानवत असंच वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेलं होतं, आणि कारणही हेच होतं: गावात एकामागून एक झालेले मुली आणि बायांचे खून. मानवतचा माणूस पुण्या-मुंबईत नोकरीला गेला आणि कुणी गाव विचारलं, की समोरचा पिकल्या केसांचा असला तर पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. मधल्या काळात तो प्रश्न विरत चालला होता. मालिकेनं तो ताजा केला आणि आता पंचविशीतली पोरंही तोच प्रश्न विचारू लागली आहेत.

गुन्हेगारी मालिका ज्या गावात घडतात ते गाव त्या कितपत खरं दाखवतात, हा प्रश्न मुंबईत बसून विचारला तर तो करमणुकीचा असतो. मुंबईवर शंभर मालिका निघतात. त्यातली एक फसली तरी नव्याण्णव उरतात आणि त्या शहराचं काही बिघडत नाही. मानवतच्या वाट्याला एक चित्रपट आणि एक मालिका आली. तेवढ्यावर उभ्या महाराष्ट्राचं मानवतबद्दलचं मत बनतं. परभणी जिल्ह्याकडे बघून या प्रश्नाचा विचार करावासा वाटला तो यासाठी.

आपल्याकडच्या पोलिसी मालिकांचा भूगोल मुळात मुंबईचा. दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागायची तेव्हा परभणीच्या गल्लीत ज्याच्याकडे टीव्ही असेल त्याच्या घरी माणसं गोळा व्हायची, आणि पोलीस म्हणजे मुंबईचे पोलीस असं चित्र मनात पक्कं व्हायचं. ती मालिका करणाऱ्या बी. पी. सिंग यांची 'सीआयडी' १९९८ मध्ये सोनीवर सुरू झाली आणि वीस वर्षं चालली. शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न आणि दयाचा दरवाजावरचा धक्का महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यात पोचला. त्या मालिकेतली मुंबई मात्र चार बंगले, एक प्रयोगशाळा आणि एक मोकळा रस्ता एवढीच असायची. 'क्राइम पेट्रोल'नं खऱ्या प्रकरणांचा आधार घेतला आणि कॅमेरा छोट्या गावांकडे वळवला. पण नावं बदललेली, गावं बदललेली, त्यामुळे बीड, बरेली आणि बिलासपूर यांत फरक उरला नाही. झी मराठीवरची 'देवमाणूस' साताऱ्याजवळच्या वाई परिसरात २०१६ मध्ये उघडकीला आलेल्या हत्यांवर बेतलेली होती. तिच्यात गाव होतं, पारावरची माणसं होती, आणि तो नकली डॉक्टर दिवसेंदिवस मालिकेचा लाडका होत गेला.

या पार्श्वभूमीवर 'मानवत मर्डर्स' फार वरच्या दर्जाची आहे, हे आधी सांगायला हवं. 'आत्मपॅम्फ्लेट'चे आशिष बेंडे यांनी ती दिग्दर्शित केली. आधार आहे तो पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींच्या पुस्तकाचा. १९६८ मध्ये मुंबईला धास्तावून सोडणाऱ्या खुनी रामन राघवच्या तपासामुळे कुलकर्णींचं नाव झालं होतं, आणि मानवतमध्ये खुनांची मालिका थांबेना तेव्हा सरकारनं त्यांना मुंबईहून इकडे पाठवलं. ती भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली. वाड्यातल्या सत्ताधीशाच्या भूमिकेत मकरंद अनासपुरे आहेत. मराठवाड्याच्या मातीतला हा नट. वर्षानुवर्षं आपल्या बोलीतून लोकांना हसवलं त्यानं, आणि इथं त्याच बोलीचा असा काही वापर केलाय की अंगावर काटा येतो. सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर यांनी आपली ओळखीची रूपं मोडून टाकली आहेत. एवढ्या मोठ्या नटांनी आमच्या भागातली माणसं व्हायचा कष्टानं प्रयत्न केला, याचं मोल मला आहे.

परभणीचा प्रेक्षक अशी मालिका बघताना आधी कान टवकारतो. मराठवाडी म्हणून जी बोली मालिका-चित्रपटांत चालते ती बऱ्याचदा सगळ्या मराठवाड्याची मिळून केलेली भेळ असते. लातूर-नांदेडकडचा माणूस 'करूलालो' म्हणेल. परभणी-सेलू-पाथरीकडचा 'करायलो' म्हणेल. आमच्याकडे 'माझ्या'चं 'मह्या' होतं, 'तुझ्या'चं 'तुह्या'. जिंतूर ओलांडून हिंगोलीकडे सरकलात की वऱ्हाडीचं वारं लागतं. आणि परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मोंढ्यात, बसस्टँडवर, भाजीबाजारात मराठीइतकीच दखनी उर्दू कानावर पडते. हिंदू घरातली बाई बोहारणीशी बोलताना सहज दोन वाक्यं दखनीत बोलून जाते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्या सव्वादोनशे वर्षांच्या राज्याचा हा मागे राहिलेला आवाज. बाजाराला मोंढा, ठेकेदाराला गुत्तेदार म्हणणारा हा जिल्हा आहे. पडद्यावरच्या मराठवाड्यात तो आवाज जवळजवळ कधीच ऐकू येत नाही. मानवतमध्ये ज्या मुली आणि बाया मारल्या गेल्या त्यांत हिंदू होत्या तशा मुसलमानही होत्या, म्हणून हा आवाज इथं जास्तच महत्त्वाचा.

बोलीचं झालं. डोळ्यांना काय दिसतं? मानवत हे मनमाड-परभणी लोहमार्गाजवळचं गाव. स्टेशनचं नावच 'मानवत रोड', कारण गाव स्टेशनपासून आत आहे. पाथरीहून परभणीकडे येणारा मोठा रस्ता मानवतवरून जातो. ते आधी पाथरी तालुक्यात होतं, पुढे स्वतःचा तालुका झाला. कापसाचं गाव. हंगामात मोंढ्यात गाड्यांची रांग, जिनिंगच्या आवारात पांढरे ढीग, हवेत तरंगणारा कापूस आणि सरकीचा तो विशिष्ट वास. आडते, हमाल, मापाडी, व्यापारी, नगरपालिका, शाळा, पोलीस ठाणं असलेलं, पैसा खेळता असलेलं गाव. पडद्यावरून मात्र मानवत म्हणजे अंधार, पिंपळ, वाडा आणि मंतरलेले लिंबू असं आड-रानातलं खेडं मनात उरतं. हत्याकांडाच्या आधी आणि नंतर त्या गावात रोज भाव निघत होते, सौदे होत होते, दहावीचे निकाल लागत होते, हे प्रेक्षकाला कळत नाही. आणि ते कळलं असतं तर गोष्ट जास्त भयंकर झाली असती. मुली गायब होत होत्या त्या निबिड जंगलात नव्हे, नगरपालिका असलेल्या, बाजार भरणाऱ्या, सगळे सगळ्यांना ओळखतात अशा गावात.

दुसरी गोष्ट दुष्काळाची. पहिला खून नोव्हेंबर १९७२ मधला आणि शेवटचे जानेवारी १९७४ मधले. तारखा नीट बघितल्या की लक्षात येतं, ही गोष्ट बहुतांशी बाहत्तरच्या दुष्काळाच्या पोटात घडली आहे. आमच्याकडे अजूनही म्हातारी माणसं वय सांगताना 'बाहत्तरच्या दुष्काळात मी एवढा होतो' असं सांगतात. १९७० पासून पाऊस हुलकावण्या देत होता आणि ७२ ला तर खरीप आणि रब्बी दोन्ही गेली. मे १९७३ च्या सुमाराला महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं राबत होती. पाझर तलाव, नाला बंडिंग, खडी फोडणं. बायका हातोडा घेऊन खडीच्या ढिगाशी बसलेल्या आणि लेकरं बाजूला धुळीत. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनला मिळायची, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. लेकरांना सुकडी वाटली जायची. रोजगार हमी योजना या दुष्काळाच्या कामांतूनच मोठी झाली.

गावगाड्याची सगळी राखण अशा दिवसांत ढिली पडते. आई कामावर, बाप कामावर, सालगडी साल मोडून शहराकडे गेलेला, म्हातारं माणूस घरात पडून. दहा वर्षांची पोरगी एकटी पाण्याला जाते, शेण-सरपण गोळा करायला शिवारात जाते. ती दुपारपर्यंत परतली नाही तर कुणाच्या लक्षात यायचं? ज्यांच्या घरच्या मुली गेल्या त्यांच्याकडे ठाण्यात चकरा मारायला रोज बुडवण्याची ऐपत तरी होती का? मानवतच्या हत्याकांडाचं उत्तर अंधश्रद्धेत, पिंपळाखालच्या गुप्तधनाच्या हावेत शोधलं जातं, आणि ते खोटं नाही. पण दुष्काळ बाजूला काढला तर एवढे खून होईपर्यंत एवढा काळ का गेला याचं उत्तर मिळत नाही. माझ्या दृष्टीनं तीच या प्रकरणाची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. एखाद्या लेखकानं खडी फोडणाऱ्या बाईच्या जागेवरून ही कथा सांगितली असती, तर परभणी जिल्ह्याचं १९७२ साल तिच्यात आपोआप आलं असतं.

त्याच १९७२ च्या मे महिन्यात परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं होतं. त्यामागे मोठा लढा होता, लोकांनी त्यासाठी बलिदान दिलं होतं. १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन पेटलं आणि तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या वसमतला पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी मारले गेले. एकीकडे मानवतचे आरोपी कोठडीत, दुसरीकडे जिल्ह्यातले तरुण रस्त्यावर. एवढा धगधगता काळ होता तो. पडद्यावर या जिल्ह्याला भोंदूगिरीखेरीज दुसरा इतिहास नाही.

मालिका कुलकर्णींच्या पुस्तकावर उभी असल्यानं गाव आपल्याला त्यांच्या डोळ्यांनी दिसतं. मुंबईहून आलेला, शिकलेला, शांत डोक्याचा अधिकारी, आणि त्याच्यासमोर एक गूढ, मुकं, अडाणी गाव. जगभरच्या पोलिसी कथांची ही जुनी मांडणी आहे आणि ती रंगतेही चांगली. पण बाहेरून आलेल्या माणसाला जे गूढ वाटतं ते गावाला बऱ्याचदा ठाऊक असतं. गाव बोलत नाही याचा अर्थ गावाला माहीत नाही असा होत नसतो. कुणाच्या वाड्यात कोण जातं, कुणाच्या शेतात कोण राबतं, कुणाचं कर्ज कुणावर आहे, आणि बोललं तर उद्या काम कुणाकडे मागायचं, हा सगळा हिशेब त्या मुकेपणात असतो.

आता कागदावरचं मानवत. हे प्रकरण परभणीच्या सत्र न्यायालयात चाललं, फाशीच्या शिक्षा झाल्या, पुढे मुंबई उच्च न्यायालय आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय. एप्रिल १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तो लिहिला यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी, जे पुढच्याच वर्षी सरन्यायाधीश झाले. देशभरातले कायद्याचे विद्यार्थी हा निकाल 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावानं अजून वाचतात. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर किती विसंबायचं, त्याला दुसरा स्वतंत्र पुरावा किती हवा, यासाठी वाचतात. शिक्षा ठोठावण्याआधी आरोपीचं शिक्षेबाबतचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, हा त्या वेळच्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेतला नियम कसा पाळायचा, यासाठी वाचतात. दिल्ली-चेन्नईच्या वर्गांत या खटल्यावर प्रश्न येतात आणि उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मानवत नकाशावर कुठे आहे याचा पत्ता नसतो.

मालिका बघणाऱ्या बहुतेकांना ज्या गोष्टीचा धक्का बसेल ती अशी: ज्या दोघांभोवती हे सगळं कथानक फिरतं, ते दोघंही वरच्या न्यायालयात निर्दोष ठरले. इतर काहींच्या शिक्षा कायम राहिल्या. म्हणूनच मी त्या दोघांची खरी नावं इथं लिहिली नाहीत. १९८१ मध्ये अमोल पालेकरांनी याच प्रकरणावर 'आक्रित' केला, दिग्दर्शक म्हणून त्यांचा तो पहिला चित्रपट. पटकथा विजय तेंडुलकरांची. मुख्य भूमिका स्वतः पालेकर आणि चित्रा पालेकर यांच्या. तेव्हा निकाल लागून चारच वर्षं झाली होती, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, तरी चित्रपटातली माणसं मुकुटराव आणि रुही अशा नावांनी वावरली. 'आक्रित'मध्ये तपास दुय्यम आहे. हाव माणसाला कुठवर नेते आणि भोवतालचा समाज ती हाव कशी पोसतो, तिकडे त्याची नजर आहे. चाळीस वर्षांनंतरच्या मालिकेनं नावं खरी ठेवली. खरी नावं म्हणजे खरेपणा, असा आज समज आहे. न्यायालयानं सोडलेल्या माणसांच्या बाबतीत खऱ्या नावांनी पुन्हा एकदा खटला चालतो आणि त्याला अपील नसतं. त्यांची नातवंडं याच जिल्ह्यात शाळा-कॉलेजात जात असतील.

त्या निकालात आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते तीच कुठल्याही पोलिसी मालिकेच्या पहिल्या पानावर लावावी अशी आहे. आरोपींना आणि साक्षीदारांना मारहाण झाल्याच्या तक्रारी न्यायालयासमोर होत्या. त्या संदर्भात चंद्रचूड यांनी पोलिसांना खडसावलं. हातात मोठे अधिकार असलेले पोलीस गुन्हा उघडकीला आणण्याच्या भरात मर्यादा ओलांडतात, आपल्या बंदिस्त हद्दीत सापडलेल्या माणसावर बळ वापरायचा मोह त्यांना होतो, आणि हा मोह न्यायाच्या व्यापक हितासाठी वेळीच खुडला पाहिजे, असा त्या उताऱ्याचा आशय. हे मानवत प्रकरणात लिहिलेलं आहे. महाराष्ट्रातल्या सगळ्यात गाजलेल्या, सगळ्यात अमानुष खुनांच्या निकालात, आरोपींबद्दल कुणालाही दया वाटणार नाही अशा जागी.

टीव्हीवरच्या पोलीस कथांत नेमकं याच्या उलटं शिकवलं जातं. इन्स्पेक्टर एक कानाखाली ओढतो, संशयित घडाघडा बोलतो, आणि तो जे बोलतो ते खरं निघतं. मारलं की सत्य बाहेर येतं, हे समीकरण 'सीआयडी'पासून ओटीटीपर्यंत फारसं कुणी मोडलेलं नाही. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हा कायदा इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतही तो टिकून आहे. एखाद्या सत्र न्यायालयात एक दिवस मागच्या बाकावर जाऊन बसावं. पंच फितूर होतो, मुद्देमालाच्या सीलचा नंबर जुळत नाही, पंचनाम्यावरची वेळ आणि स्टेशन डायरीतली वेळ यांत तासाचा फरक निघतो, साक्षीदार 'आठवत नाही' म्हणतो आणि पाच वर्षांचा तपास दहा मिनिटांत कोसळतो. खरा पोलिसी थरार त्या कागदांत असतो. पंचनाम्याचा कागद जवळून बघितला आहे का कधी? चतुःसीमा, पूर्वेला अमक्याचं शेत, पश्चिमेला नाला, प्रेताचं डोकं कोणत्या दिशेला, अंगावर काय, पायात काय, मुठीत काय, आणि खाली दोन पंचांच्या सह्या, त्यातला एक बहुधा अंगठा. एवढ्या ओळींत जो प्रदेश दिसतो तो मोठ्या खर्चाच्या सेटवर दिसत नाही.

संशयित कोण, हाही प्रश्न आहेच. मानवत प्रकरणात पारधी समाजाचं नाव जोडलं गेलं. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अनेक जमातींवर जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारला. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण ठाण्यांतली सवय गेली नाही. आजही मराठवाड्यात दरोडा पडला की पहिली जीप पारध्यांच्या पालाकडे वळते. एका पारधी बाईभोवती काळ्या जादूची कथा रचली की बघणाऱ्याच्या मनात ती एका बाईची राहत नाही, सगळ्या पालाची होते. 'दिल्ली क्राइम'चा दुसरा हंगाम २०२२ मध्ये आला, तो विमुक्त जमातींवरच्या याच संशयाबद्दल होता. त्याच्या मांडणीवर वाद झाले. पण निदान पोलिसांनी उगाच उचललेली माणसं आणि त्यांच्या घरी झालेली पडझड पडद्यावर आली. मराठीत लक्ष्मण माने आणि लक्ष्मण गायकवाड यांनी आत्मकथनांतून हे जग चाळीस वर्षांपूर्वी आणून ठेवलंय. मालिका लिहिणाऱ्यांना फार लांब जायची गरज नव्हती.

हे सगळं जुनं झालं असं म्हणता आलं असतं, पण 'मानवत मर्डर्स' आल्यानंतर सव्वादोन महिन्यांत परभणी पुन्हा देशभरच्या बातम्यांत आली. १० डिसेंबर २०२४ ला रेल्वे स्टेशनसमोरच्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं. पोलिसांनी वस्त्यांमधून माणसं उचलली. त्यात कायद्याचं शिक्षण घेणारा, वडार समाजातला सोमनाथ सूर्यवंशी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आढळल्या. आईनं लढा दिला आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला; सर्वोच्च न्यायालयानंही तो बदलला नाही.

त्याआधी वीसेक वर्षं मागे गेलं तर परभणीचाच ख्वाजा युनूस. २००२ च्या घाटकोपर स्फोटाच्या तपासात पकडलेला हा तरुण इंजिनिअर जानेवारी २००३ मध्ये नाहीसा झाला. नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला, असं पोलिसांनी सांगितलं. पुढे सीआयडीच्या तपासात तो कोठडीतच मेल्याचा निष्कर्ष निघाला आणि काही पोलिसांवर खटला उभा राहिला. त्याच्याही आईनं परभणीहून मुंबईच्या न्यायालयांत वर्षानुवर्षं खेटे घातले. मुंबईच्या पोलिसांवर, चकमकफेम अधिकाऱ्यांवर किती चित्रपट आणि मालिका निघाल्या! परभणीहून रात्रीची गाडी धरून सकाळी मुंबईत उतरणारी, हातात कागदांची पिशवी असलेली आई त्यांतल्या एकीतही मध्यभागी नाही.

गुन्हेगारी मालिकेतलं गाव खरं आहे की नाही हे मी आता इथून बघतो. वाडा, जीप, धोतर, बोली ही सगळी मेहनत आवश्यकच आहे, पण त्या गावच्या ठाण्यात शिरलेल्या गरिबाचं काय होतं ते जर खोटं असेल, तर बाकीच्या खरेपणानं ते भरून निघत नाही. उलट बाकीचं सगळं हुबेहूब असल्यामुळे ते खोटंही खरं वाटतं, आणि धोका तिथंच आहे.

बाल्टिमोरवरची 'द वायर' २००२ ते २००८ या काळात आली तेव्हा तिच्या लेखकांत त्याच शहरात पोलीस बातमीदारी केलेला डेव्हिड सायमन होता, त्याच शहरात पोलिसात आणि नंतर शिक्षक म्हणून काम केलेला एड बर्न्स होता. एका हंगामात बंदर, एकात महापालिका, एकात शाळा, एकात वर्तमानपत्र असं करत त्यांनी गुन्ह्याच्या मागचं सगळं शहर उलगडलं. आपल्याकडे 'मिर्झापूर' २०१८ मध्ये आली. मिर्झापूरच्या बदनामीची तक्रार तिथल्या खासदारांनी केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. गावाची बदनामी झाली अशी तक्रार करून बंदी मागणं मला पटत नाही; मानवतकरांनी तसा मार्ग धरू नये असंच मला वाटतं. मालिका बघणाऱ्यानं तिच्याशी भांडावं, आणि आपल्या गावची दुसरी गोष्ट लिहावी.

अशा गोष्टी परभणी जिल्ह्यात पडून आहेत. सेलू तालुक्यातल्या खेड्यातून आलेले आणि परभणीत पत्रकारिता केलेले आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गावातलं राजकारण, गुंडगिरी, पतपेढ्या, निवडणुकीचा पैसा, कमकुवत माणसाची कोंडी हे सगळं त्यांच्या कथांत आहे, आणि ते वाचताना दर पानाला वाटतं, मालिका इथं आहे. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठी केले जाणारे अघोरी प्रकार आणि नरबळी येतात. मानवतच्या पिंपळाखालचं धन त्या कायद्यापर्यंत कोणत्या वाटेनं पोचलं, याचीच एक मालिका होईल.

आणि आजचा गुन्हा हवा असेल तर गंगाखेड, पाथरी, सोनपेठ, पालमच्या गोदाकाठावर जावं. नदीचं पात्र रात्री जागं असतं. ट्रॅक्टर, हायवा, वाळूचे ढीग, पुलावर उभी राहून गाडी आली की मोबाइलवर कळवणारी पोरं. तलाठी आणि मंडळ अधिकारी पंचनाम्याला जातात तेव्हा घरचे जागे राहतात. लिलाव कुणाच्या नावावर, पैसा कुणाचा, निवडणुकीत तो कुठे जातो, ठाण्यातली जप्त गाडी कितव्या दिवशी सुटते, नदीकाठच्या विहिरींचं पाणी किती हात खाली गेलं, आणि त्या पाण्यावर ऊस असलेला शेतकरी गप्प का, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. यात बाहेरून आलेला हुशार अधिकारी लागत नाही. एक तलाठीबाई, एक बिट अंमलदार, एक वाळूच्या गाडीवरचा सतरा वर्षांचा पोरगा आणि मोंढ्यातला एक आडत्या एवढी माणसं पुरतील, ती माणसं 'मह्या' आणि 'तुह्या' म्हणत बोलतील, मध्येच दखनीत वळतील. परभणीत नाटक करणारी हौशी मंडळी गणपतीपासून राज्य नाट्य स्पर्धेपर्यंत वर्षभर तालमी करत असतात. नट शोधायला मुंबईला जायला नको. निर्मात्यांनी एकदा मानवत रोडला उतरून मोंढ्यात सकाळी भाव निघताना उभं राहावं, दुपारी कोर्टात बसावं आणि संध्याकाळी गंगाखेडच्या पुलावर थांबावं. पहिल्या हंगामाचा मजकूर तेवढ्यात मिळेल.